कोंडिबाची मधपेटी आणि बिनबोलावलेली गोगलगाय

मंडळी, एक सांगा. घरात नको तो पाहुणा शिरला, तर घर जास्त कोण मोडतं — तो पाहुणा, की त्याला हुसकणारे आपण? मृदंगवाले, लगेच मान डोलवू नका, आधी ऐका!

जावळीच्या डोंगरात कोंडिबा ढेबे म्हणून एक गडी. परसात एकच मधपेटी. आत सातेरी माश्या — मोठ्या मानी जातीच्या! झाडाच्या ढोलीतून राणीसकट त्यानं स्वतः आणून बसवलेल्या. त्यांच्यावर भारी जीव!

श्रावणात एकदा झाकण उचललं, तर फळीवर बोटाएवढी गोगलगाय! बिनशंखाची, चिकट, निवांत पसरलेली. कोंडिबाचं पित्त खवळलं. तिला काढून फेकलं. संध्याकाळी पुन्हा उघडलं — मुंग्या! दुसऱ्या दिवशी झुरळ! मग काय, झाकण उचलून सकाळी धूर, दुपारी धूर, सांजेला धूर. माश्या म्हणाल्या असतील, हा राखणदार की वणवा?

आठव्या दिवशी माश्या दाराबाहेर घोस करून बसल्या. सातेरी अशी बसली, की समजावं — बिऱ्हाड हलणार. कोंडिबा रडकुंडीला आला. गोगलगायीच्या नावानं बोटं मोडत पुन्हा धुराडं पेटवायला निघाला, तर बायको तुळसा आडवी आली.

"गोगलगायीनं जरा ओलं केलं असंल. पण त्यांच्या घराचं छप्पर रोज तीनदा कोण उचलतंय?"

तुळसानं धुराडं काढून घेतलं. भोवतीचं गवत कापलं, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, दार माशीपुरतं बारीक केलं. आणि नवऱ्याला बजावलं, पंधरा दिवस झाकणाला हात लावायचा नाही.

मंडळी, हे काम सगळ्यांत अवघड! कोंडिबा दिवसभर पेटीभोवती फिरायचा, हात पाठीशी बांधून. चौथ्या दिवशी घोस आत गेला. दहाव्या दिवशी माश्या पायांना पिवळा पराग, पिल्लांचा चारा, लावून येऊ लागल्या, म्हणजे राणी पुन्हा अंडी घालू लागली. कोंडिबाला रडूच आलं. हात झाकणाकडे गेला... आणि मुकाट्यानं मागे आला.

आता तुमच्याकडे येतो. सकाळी देवापुढं बसता. एक वाकडा विचार आत सरपटतो. झालं! त्याला शोधता, हुसकता, स्वतःलाच शिव्या घालता — आणि नाम बिचारं दाराबाहेर घोस करून बसतं. विचार येतील हो, येऊ द्या. दार बारीक ठेवा, आत नामाची वर्दळ चालू ठेवा. आणि हात जोडा पाहू सगळ्यांनी. तुम्हीही जोडा, मृदंगवाले! जोडलेल्या हातांना झाकण उचलता येत नाही. म्हणा आता — विठ्ठल, विठ्ठल!