मानेतली गाठ आणि आमी धरलेलं अंतर

पावण्यांनो, आणे गावातल्या माझ्या बायांनो,

सरूबाईच्या दहाव्याला तुमी लांबून आलात. मला बोलायला उभं केलंत. पण तोंड वर करून बोलावं असं माझ्याकडं काय न्हाई.

सरूबाई माझी थोरली जाऊ. हृदयाचा झटका आला अन् गेली. गळ्यातल्या थायरॉईडच्या कॅन्सरनं न्हाई गेली, हे आधी सांगते. त्यातनं ती बरी झाली व्हती.

पुण्याला थायरॉईडच्या गाठीचं ऑपरेशन झालं, तवा मीच सोबत व्हते. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. मानेत सगळ्यांनाच बारक्या रसगाठी असतात; कॅन्सर पसरायला लागला, की त्यातल्या ज्या गाठीत आधी शिरतो ती शोधायची. ती साफ निघाली तर बाकीच्या काढायची गरज पडत न्हाई. शोधायच्या रीती दोन. निळा रंग टोचायचा, गाठ डोळ्यांना निळी दिसती. न्हाईतर किरणांचं औषध टोचायचं, मग गाठीवर यंत्र धरलं की ते वाजतं. सरूबाईला दोन्ही केलं. रंगानं एक गाठ दाखवली. यंत्रानं तिच्यामागं दडलेली दुसरीबी दाखवली. दोन्ही साफ निघाल्या.

मी इचारलं, "अन् त्या किरणांचं काय?"

बाई सरूबाईला म्हणल्या, "अगदी थोडं औषध असतं, उद्यापर्यंत उतरेल. घरी जाऊन नात खुशाल मांडीवर घ्या."

हे माझ्यासमोर सांगितलं. माझ्या!

घरी आलो अन् काय झालं? गावात कुणाच्या तरी पावण्याला किरणांच्या आयोडीनचा मोठा डोस देऊन दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं व्हतं. ते औषध निराळं. पण गावाला काय, किरणं ती किरणंच! सरूबाईची सून माझ्याकडं आली. "काकी, तुमी अंगणवाडीच्या. तुमीच सांगा, पोरीला देऊ का आत्यांकडं, तिच्या आजीकडं?"

मी म्हणले, "असू दे बाई. थोडे दिवस लांबच बरं."

मी विसरले नव्हते. मला भ्या वाटलं. उद्या पोरीला साधा ताप आला तरी नाव माझं निघंल. एवढंच. एवढ्यासाठी!

त्या थोड्या दिवसांचे महिने झाले. पोर रांगत सरूबाईकडं निघाली, की आपणच तिला उचलून न्यायचो. एकदा सरूबाई म्हणली, "अगं, तू व्हतीस ना तिथं? डॉक्टरीण काय म्हणली, सांग की यांना." मी म्हणले, "सांगते, सांगते." अन् गॅसवर दूध ठेवलंय म्हणून आत पळाले.

न्हाई सांगितलं. आज सांगते, ती ऐकायला न्हाई तवा. लई लाज वाटती मला, लई.

सूनबाई, पोरीला आण. खाली सोड तिला. आता सगळे गप उभे राहू. ती आजीच्या फोटोकडं गेली, तर आज कुणी तिला उचलू नका.