बांध आला की उतरणारा माणूस

मंडळी, तो माईक जरा खाली करा. हां, बस. माझ्या आधी चार जण बोलले, चांगलं बोलले, मला तसं जमायचं नाही. मी जनार्दनचा मोठा भाऊ. धाकट्याच्या शोकसभेत मोठ्याने उभं राहून काय बोलायचं असतं? हा क्रमच उलटा आहे. मी बसूनच राहणार होतो. पण हरीशशेठ आत्ता जे बोलले ते ऐकलं आणि गप्प बसवेना.

हरीशशेठ, राग मानू नका. उल्हासनगरला कॅम्प तीनमधला तुमचा जीन्सचा कारखाना बंद ठेवून तुम्ही इथे बदलापूरला आलात, हात जोडतो. आमच्या जनाला या डोंगरातल्या सायकल शर्यतीच्या नादाला तुम्हीच लावलंत, तेही आज सोडून देतो. पण बोललात काय तुम्ही? "हमारा जॉनी रेस में कभी सायकल से नहीं उतरा." साफ खोटं! अहो, तुम्ही त्याच्याच बरोबर धावत होता ना? जना उतरायचा. सारखा उतरायचा. उतरून उतरून शेवटून पहिला यायचा. आणि जॉनी कोण? त्याचं नाव जनार्दन. घरात जना.

माणूस गेला की लगेच त्याचा देव करायचा, ही काय खोड आहे आपल्याला? मला देव नको. मला जसा होता तसा पाहिजे. डोकं खाणारा.

आणि दुसरी गोष्ट. सकाळपासून जो तो माझ्या कानाशी येतोय. सायकल क्लबची पोरं विचारतात, काका, यंदा शर्यतीला वाट मिळेल ना? गाववाले विचारतात, जना गेला, आता कशाला द्यायची वाट? गावाकडून पहिलं शेत आमचं. आम्ही वाट दिली तर पुढचे देतात, आम्ही नाही म्हटलं की शर्यत संपली. सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. सांगतो. आज इथेच सांगतो. पण आधी ऐकून घ्या.

जना अंबरनाथला एमआयडीसीत फिटर. भातलावणीला ये म्हटलं की, "दादा, सुट्टी नाही मिळत." बरं बाबा. आणि रविवार उजाडला की हेच महाशय डोंगरात सायकल घालून कमरेपर्यंत चिखलाने माखून घरी! मी बोलायचो, अरे, चिखलच पाहिजे ना तुला? आपल्या शेतात काय कमी आहे? फुकट आहे! तर नुसता हसायचा. मग सायकल मोरीत धुवायची. दात घासायच्या ब्रशने चेन घासायची. कोणाचा ब्रश, ते विचारू नका. ही त्याची बायको मनीषा समोर बसली आहे. बघा, एवढ्या दुःखात पण मान हलवते आहे.

आता शर्यत ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोंगर चढायचा, जंगलातून दगडधोंड्यांवरून उतरायचं, आणि मग आमच्या गावच्या शेतांतून परत यायचं. भात कापून झालेलं असतं, शेतं मोकळी असतात. पण बांध असतात. बांधावर तूर उभी असते.

पहिल्या वर्षी मी बघायला गेलो. म्हटलं, भाऊ काय दिवे लावतो बघू तरी. डोंगरावरून उतरला तेव्हा, खरं सांगतो, पुढच्या पाचसहा जणांत होता. माझी छाती फुगली. मी शेजारच्यांना बोललो, तो बघा आमचा जना! आणि आला पांडुकाकांचा बांध. हा थांबला. उतरला. सायकल खांद्यावर घेतली. तुरीची झाडं हाताने बाजूला केली, पलीकडे गेला, पुन्हा बसला. पुढचा बांध आला. पुन्हा उतरला. मागची पोरं याच्या डोळ्यांसमोर बांधांवरून उड्या मारत निघून गेली. हरीशशेठ, तेव्हा तुम्हीच ओरडत होता ना, "अरे जॉनी, उतर मत! निकल!" मी पण ओरडलो. घसा बसला माझा. हा ढिम्म. बांध आला, उतरला. बांध आला, उतरला. अरे, शर्यत आहे का सत्यनारायणाची प्रदक्षिणा?

घरी आल्यावर झापला मी त्याला. तर मला बोलतो, "दादा, लोकांच्या बांधावर चाक कसं घालायचं?"

शहरातल्या पोरांनो, तुम्हाला नाही कळायचं हे. आमच्या गावात बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला गेले नाहीत. वीतभर मातीसाठी कोर्टात खेटे घालून लोक म्हातारे झाले. त्यातले काही इथे बसलेत, नावं घेत नाही. त्या वर्षी तुम्ही सगळे बांध तुडवून गेलात. दुसऱ्या वर्षी पांडुकाका काठी घेऊन वाटेत उभे. कोणामुळे मिळाली मग वाट? हा घरोघर गेला. बोलला, माझ्या जबाबदारीवर द्या. लोकांनी दिली, कारण या एकाला त्यांनी उतरताना बघितलं होतं. पुढे तुमच्यातलेही बरेच जण उतरायला लागले. नंबर गेला त्याचा दरवर्षी, पण वाट राहिली.

वा, काय गुणी माणूस, असं वाटलं ना? थांबा. इथेच तर माझं डोकं फिरतं.

सगळ्या गावाचे बांध खांद्यावरून. आणि शेवटी आमचं शेत आलं की? आमच्या बांधावर हा उतरायचा नाही! उलटा जोर लावायचा. आरोळी ठोकून, चाक उचलून थेट बांधावरून. त्याच्या मागून येणारे बघायचे, अरे, इथून जायला चालतं. मग सगळी वरात तिथूनच. शर्यत संपेपर्यंत बांधाला ही एवढी खांड पडलेली, गुरं आत शिरतील एवढी. तूर भुईसपाट. पावसाच्या आत ती खांड बुजवली नाही तर भाताचं पाणी राहणार कसं? मग कोण बुजवतो? मी. फावडं घेऊन, कंबर धरून, शिव्या घालत. हा कुठे? "दादा, सुट्टी नाही."

दरवर्षी, मंडळी. दरवर्षी!

एकदा मी खरंच चिडलो. बोललो, जना, लोकांची माती तुला देवासारखी आणि माझी काय पायपुसणी? "आपलाच आहे ना दादा," एवढंच उत्तर. मी म्हटलं, मग वाटणी करू. तुझा तुकडा तू घे आणि घाल त्यात काय गोंधळ घालायचा तो. त्याचं तोंड पडलं. बोलला, "वाटणी केलीस तर मला इथे पण उतरावं लागेल."

मी फावडं उचललं आणि गेलो.

आणि गेला कशाने? डोंगरातून उतरताना नाही. कड्यावरून नाही. डासाने. डेंग्यू. आम्ही सांगत होतो, ताप अंगावर काढू नको. पण पावसाने जंगलातली वाट वाहून गेली होती, ती बघायला हा ताप घेऊन गेला. गोळी खाल्ली की उतरतो म्हणे. दवाखान्यात नेला तेव्हा उशीर झाला होता. धड बोलायला नाही मिळालं. माझी सवय अशी, की आधी मी ओरडणार, मग तो हसणार, मग आम्ही जेवायला बसणार. या वेळी मी ओरडलो, आणि पुढचं काही झालंच नाही.

जाऊ दे.

आता वाटेचं. पांडुकाका, गावकरी मंडळी, माझं ऐका. जना गेला म्हणून वाट बंद केली, तर तो इतकी वर्षं हरला ते फुकट गेलं. वाट द्या. त्याची जबाबदारी आता माझी. क्लबच्या पोरांनो, तुम्ही ऐका. लोकांचा बांध आला की उतरायचं. पहिला येणाऱ्याने उतरायचं, शेवटच्यानेही उतरायचं. हरीशशेठ, तुम्ही पण, गुडघ्याचं कारण चालणार नाही. एक जण जरी चढला तरी काठी घेऊन मी उभा आहे.

नातेवाईक मंडळी, तुम्हालाही एक सांगतो. कालपासून माझ्या कानात वाटणी, वाटणी चाललंय. सातबाऱ्यावर जनाच्या जागी मनीषाचं नाव लागेल. तो तिचा हक्क आहे, त्यात बोलायचं काम नाही. पण शेताच्या मध्ये बांध घालायचा का, ते ती ठरवेल. मी घालणार नाही.

आणि पोरांनो, आमचं शेत आलं की कोणी उतरायचं नाही. कळलं? कोणीही नाही. थेट बांधावरून यायचं, आरोळी ठोकून यायचं. तूर मोडली तर मोडू दे. खांड मी बुजवेन.

आता सगळे उभे राहा. ते मोबाईल बंद करा. दोन मिनिटं कोणी बोलू नका, रडू पण नका. मनातल्या मनात मला जनाशी भांडायचं आहे.