तुबूचा आवाज

सोलमधल्या प्राण्यांच्या दवाखान्यात हेरिन मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या मुलीने पलीकडच्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं,

“आजी, कुत्र्याचा आवाज बंद करायचं ऑपरेशन इथे करतात का हो?”

“आमच्या तुबूसाठी मीही तेच विचारलं होतं. आमच्या खालच्या मजल्यावरचे म्हातारबुवा म्हणायचे, त्याला गप्प करा, नाहीतर घर सोडा.”

“मग?”

“डॉक्टरीणबाईंनी साफ नकार दिला. सुट्टी काढून दिवसभर आमच्या जिन्यात बसल्या. मी कामावर गेले की एकटा पडून भुंकतो, हे त्यांनीच शोधलं.”

“पण कामावर तर जावंच लागणार ना!”

“म्हणून त्याच म्हातारबुवांना त्यांनी गळ घातली. आता तुबू दिवसभर त्यांच्याकडे असतो.”

“मग आज इथे कशाला?”

“कालपासून भुंकला नाही म्हणून घाबरेघुबरे होऊन बुवाच त्याला आत घेऊन गेलेत.”