लारासची फांदी

नाही हो, रागावलीय असं कोण म्हणालं तुम्हाला? बसा, लारासच्या आई, आधी बसा, इकडे पंख्याखाली या. ती मैदानात गेलीय, दुपारच्या कार्यक्रमाची मांडामांड चाललीय ना, येईलच. रागावली असती तर मला कळलं असतं — ही ऐकू न येणारी पोरं रागावली की हात कसे फटाफट चालतात त्यांचे, लपत नाही ते. तिचे हात शांत आहेत. अगदी शांत. आता शनिवार-रविवारच्या सुट्टीला घरी आली नाही म्हणाल, तर... हो, नाही आली. मागच्याही सुट्टीला नाही आली, तेही खरं. पण इथे काम होतं, मीच ठेवून घेतली म्हणा ना. चहा घेणार? बरं, राहू दे. हे शेंगदाण्याचे कुरकुरीत पेयेक कशाला आणलेत एवढे, वसतिगृहात कुणी तिच्या वाट्याला ठेवणार आहे थोडेच, येता-जाता फस्त करतील सगळे.

काम म्हणजे हेच, हे टॅबवरचं. घराण्याचं झाड. प्रत्येकाने आपापलं करायचं, फोटो लावायचे, नावं लिहायची, कोण कोणाचं ते रेघेने जोडायचं, आणि आज ते मोठ्या पडद्यावर लागणार. एकच वर्ग माझा, पण पोरं पाहिलीत ना? एकासारखं दुसरं नाही. बागसला दिसत नाही — तो बोट फिरवत जातो आणि टॅब त्याला मोठ्याने सांगतो, ही आजी, हा मामा. तेगारची बोटं एका जागी ठरत नाहीत, त्याला मी चौकटी एवढ्या मोठ्या करून दिल्यात, कितीही हात हलला तरी फोटो आपल्या जागी जाऊन बसतो. कागदावर एक रेघ धड मारता येत नव्हती हो त्याला, आणि आता पार पणजोबांपर्यंत पोचलाय, वर मलाच विचारतो, बाई, तुमचं झाड कुठंय? म्हटलं, माझं काय बाबा, मी आपली एकटी, नुसता बुंधा. हसतात मेले. आणि लारासच्या टॅबवर ते अ‍ॅप आहे, समोरचा बोलला की अक्षरं उमटतात. घरच्या मोठ्यांशी बोलून या, त्यांच्या तोंडून ऐकून या, असं सांगितलं होतं मी सगळ्यांना. मग हिने कसं ऐकायचं? म्हणून ते.

पण ते यंत्र शहाणं आहे फक्त इंडोनेशियनपुरतं. तुम्ही घरात बोलणार जावानी. दर सोमवारी ही टॅब घेऊन यायची आणि मला दाखवायची — अगडबगड नुसतं, ना शेंडा ना बुडखा. आणि हसायची! आमच्या घरात असं बोलतात, म्हणायची. खूप हसायचो आम्ही दोघी. तेव्हा हसत होती ती.

तिचं? तिचं झाड... अजून पुरं नाही झालंय, नंतर बघा ना. पडद्यावर बघा. नाही, तो टॅब तिचा नाही — हो, तिचाच आहे. थांबा, तसं नका ओढू, झाड सरकतं. हे तुम्ही, हे लारासचे वडील, ही तुमची थोरली, हेस्ती, छान आलाय फोटो. लारास? लारास ही इकडे. अशी बाजूला, हो. ती काय, चूक आहे यंत्राची, सरकतात फोटो कधीकधी. करेन मी नीट.

ते सोडा, पिशवीत काय आणलंय ते दाखवा. हेस्तीच्या लग्नाचं कापड? पुढच्या महिन्यातच आलं नाही का लग्न. वा, सुरेख आहे की. हिरवा शोभेल लारासला. माप पाठवते मी शिंप्याकडे, तुम्ही काळजी करू नका, केबाया असा शिवून देईल की बघत राहाल. घरच्या सगळ्या बायकांना हाच रंग ना? तुम्हाला, हेस्तीच्या मावश्यांना...

मरून. घरच्यांना मरून रंग. मग हिरवा कुणाला?

अस्सं. आल्यागेल्या लांबच्या नातेवाइकांना.

नाही, मी काही म्हणत नाहीये. मी कोण म्हणणार. कापड चांगलंच आहे. तुमची अडचण मला कळते, लग्न ठरलेलं, नवरदेवाकडची पालेम्बांगची माणसं, एकदा सांगून झालं ते आता फिरवायचं कसं — मला कुणी सांगितलं? मला कुणी काही... हे बघा, मी तिला शब्द दिला होता. बोलणार नव्हते मी. पण तुम्ही हिरवं कापड घेऊन आलात हो.

तिला माहीत आहे, लारासच्या आई. पालेम्बांगची पाहुणे मंडळी आली त्या दिवशी टॅब कपाटावर होता, चहाच्या पेल्यांजवळ. तिनेच ठेवला होता. आणि पाहुण्यांना जावानी येत नाही, म्हणून त्या दिवशी तुम्ही सगळेच्या सगळे इंडोनेशियन बोललात. तिला वाटलं, आज मिळालं आपल्याला आपलं घर, आज सगळं वाचायला मिळणार. ट्रे आत ठेवून धावत आली बघायला. एकेक शब्द स्वच्छ उमटलेला. पाहुणीने विचारलं, हे बहिरेपण तुमच्या घराण्यात आहे का. आणि खाली तुमचं — ‘छे हो, ही आमची नाही. यांच्या लांबच्या बहिणीची मुलगी. आई नाही तिला, म्हणून ठेवून घेतली.’ तिचे वडील खाली बघत बसले होते म्हणे. ते काही बोललेच नाहीत, म्हणून त्यांचं त्यात काही उमटलेलं नाही.

आणि मी शहाणी! मला काय ठाऊक? झाड बघितलं, म्हटलं पोरीचं चुकलं, फोटो उचलला आणि तुमच्या खाली आणून लावला. तिने परत नेला. मी परत आणला. ओरडलेसुद्धा तिच्यावर, म्हटलं तेगारला जमतं आणि तुला आपली आई कोण ते जमत नाही? तेव्हा तिने टॅबवरचं ते बोलणं वाचायला दिलं. रडली नाही. मला समजावून सांगितलं, हातांनी, सावकाश, मी वर्गात समजावते ना, तसं — ताईचं लग्न मोडू नये म्हणून आई म्हणाली. आई बरोबर म्हणाली. आता सगळीकडे सारखंच असायला हवं, नाहीतर पडद्यावर कुणीतरी बघेल. तेरा वर्षांची आहे हो ती!

हात मागे घ्या. तुम्ही आता सरकवाल फोटो, बोटाचं तर काम आहे. ती परत नेईल.

आली बघा. नाही, पुसू नका डोळे, तिने पाहिलंय. लारास, ये. हो, आई आलीय. हे तुझ्यासाठी, हे कापड. नाही, लपवू नका आता, द्या तिच्या हातात. ... खांद्याला लावून बघतेय. आवडलंय तिला. काय म्हणतेय सांगू? एवढ्या वर्षांत तुम्ही हातांची भाषा शिकला नाहीत, मीच सांगायला हवं. म्हणतेय, रंग चांगला आहे. म्हणतेय, माझ्यासाठी बरोबर रंग आणलास.

नाही, मी नाही सांगणार तिला तुमच्या वतीने. एक शब्दही नाही. हा घ्या टॅब, धरा असा तोंडासमोर. चालू केलाय. इंडोनेशियनमध्ये बोला, पाहुण्यांपुढे बोललात तसं, स्वच्छ. ती थांबलीय वाचायला.

बोला ना. काही उमटत नाहीये.

नाही, लारासच्या आई. रडणं यात उमटत नाही.