हंड्यांची रांग

केजच्या स्टँडवर दूध संस्थेची मीटिंग आटपून आलेल्या दोघी बोलत होत्या.

"छबूबाई, टँकर येतो का गं तुमच्या गावात?"

"येतो की, रोज. सरकारनं तेवढं बेस केलं. पर पाणी वाटायला मानूसबी धाडला, नंबराच्या चिठ्ठ्या घेऊन."

"मंग?"

"आमच्यात बाळंतिणीचा हंडा पयला असतो. चिठ्ठीत तिचा नंबर साठावा!"

"आगं बया!"

"म्हनलं, सायेब, तुमी टँकर येळेवर आना. रांग आमाला लावता येती."

"चिडला आसंल."

"न्हाई. चिठ्ठ्या खिशात घातल्या. तहान लागली तवा आपली बाटली ठिवली हंड्यांच्या मागं."

"पुढं घ्यायची की, पाव्हना हाय."

"घेतलीवती. त्योच म्हनला, आधी बाळंतिणीचं होऊ द्या."