अमिषा मॅडमची खिडकी

— न्हाय, हे अजून आले न्हाईत. बसा ना मॅडम, खुर्ची पुसलेली हाय. सकाळच्या लाँचनं रेवसला गेलेत, कुणाच्या तरी स्पीडबोटीची पुढची काच बसवायला — काच म्हणायचं नुसतं, प्लास्टिकच ते. तुमची खिडकी? व्हय, झाली, कवाच झाली. देते की. उद्या गाडी ट्रेलरवर चढणार, रविवारी चेन्नईला शर्यत — सगळं माहीत हाय मला, महिनाभर आमच्या घरात दुसरं बोलणंच न्हाय. अमिषा मॅडमची गाडी, अमिषा मॅडमची खिडकी. मी पूनम. म्हटलं आपलं सांगावं, तुम्ही कवा विचारलं न्हाईत. तुम्ही आलात की थेट वर्कशॉपमध्ये — दयाराम, झालं का? नुसतं दयाराम. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी ते नाव उखाण्याबिगर घेतलेलं न्हाय, आणि तुम्ही कशी सहज हाक मारता. मारा की. माझं काय जातं.

बोटींच्या काचा करून करून हात बसलाय त्यांचा, पण खिडकीतनं हवा आत घ्यायचं हे भोक पहिल्यांदाच. मला वाटलं ड्रिल मारतील, झालं. तर न्हाय म्हणे, नुसतं भोक पाडलं तर वारा बाहेरच्या बाहेर सटकतो. प्लास्टिक तापवून मऊ करायचं, त्यावर लाकडी साचा दाबून आत खोलगट वाट करायची — पुढं निमुळती, मागं रुंद — आणि रुंद टोकाला कापायचं. मग गाडी धावली की वारा त्या वाटेनं घसरत आत येतो. बघा, मला पण कळतं. त्या साच्यासाठी मोरूकडून सागाचा तुकडा आणला — मोरू म्हणजे तो, होड्या बांधतो — आणि हे पॉलिश पेपर घेऊन बसले ओसरीवर. घासायचं, हात फिरवायचा. घासायचं, हात फिरवायचा. मी चहा ठेवला तो गार झाला. एवढा अलगद हात — जाऊ द्या. तर पहिल्या शीटला बुडबुडे आले. खाडीची दमट हवा शोषून घेतं म्हणे ते प्लास्टिक, तापवलं की आतलं पाणी उकळतं. मग दुसरी शीट भट्टीत मंद आचेवर सुकवली, दिवसभर, बाजूला स्टूल टाकून राखण करत बसले. मला अख्खा पावसाळा खोकला होता, तेव्हा डॉक्टरकडे एकटी गेले मी, रिक्षानं. दमट हवा सोसत न्हाय ती प्लास्टिकला.

तुम्हाला काय बोलत न्हाय हां मी. तुमचा काय दोष? आणि त्यांची पण नजर वाईट न्हाय, देवाशपथ सांगते. तशी असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्या दिवशी भोकाची जागा ठरवायला तुम्हाला गाडीत बसवलं, पट्टे आवळले, खिडकी लावून बाहेरून मार्कर धरला — मी कपडे वाळत घालत होते इथंच — आणि विचारलं, ‘वारा कुठं लागायला हवा, गालावर का गळ्यावर?’ तुम्ही म्हणालात, गळ्यावर, हेल्मेटच्या खाली. तिथं त्यांनी खूण केली. तेवढंच झालं. पण माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला बघा. मला कुणी विचारलं न्हाय हो कधी, वारा कुठं हवा म्हणून. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला बारा महिने बोटीचं उरलेलं प्लास्टिक ठोकलेलं असतं, रस्त्यानं कंटेनरचे ट्रेलर जातात त्यांची धूळ येते म्हणून. कवापासून मागं लागलेय, तिला जरा हवेपुरती जागा करा, भाकऱ्या भाजताना जीव गुदमरतो माझा. करू, म्हणतात. बघू, म्हणतात. तुमच्या गाडीच्या खिडक्या खाली होत न्हाईत, आत भट्टी होते, हे मी पण ऐकलंय — किती वेळ पण? अर्धा तास? बरं, पाऊण. पाऊण तासासाठी हे महिनाभर खपले. जीव जळतो माझा त्यानं. जळतो म्हणजे जळतो, खोटं कशाला बोलू?

व्हय, देते म्हटलं ना. पळून न्हाय गेली तुमची खिडकी. या, आत या. चपला असू द्या. इकडं — बघा.

हसू नका. मीच लावली, लाँच सुटली तशी. जुनं प्लास्टिक उचकटलं, तुमची खिडकी चौकटीला धरली, तुमच्या गाडीच्या स्क्रूची भोकं कडेला होतीच, त्यातनंच चार स्क्रू मारले. खाली फडकं घातलंय, एक चरा पडलेला न्हाय, बघून घ्या. त्या कोपऱ्यात बसत नव्हती, तिथं पुठ्ठा लावला. म्हटलं, एक सकाळ तर एक सकाळ, मला पण मिळू दे. समोर खाडी, वाऱ्याला काय तोटा? आला की. शिट्टी घालत आला. मी शेगडीपुढं पदर सावरून उभी — आणि तो गेला माझ्या डोक्यावरून, पलीकडं मांडणीवरच्या डब्यांना. खिडकी खाली-वर करून बघितली तर चौकटीत बसेना. पाटावर चढले तेव्हा लागला, गळ्याशी, गार. पण पाटावर उभं राहून भाकरी भाजता येते काय, वाकून वाकून कंबर गेली.

तुम्ही माझ्याहून उंच, जरा इथं उभ्या राहता? न्हाय, तिथं न्हाय — माझ्या जागेवर. शेगडीपुढं. व्हय, अशाच. लागतो वारा? कुठं लागतो?

...दाखवू नका बोटानं. कळलं.

हा घ्या स्क्रूड्रायव्हर. तुमची तुम्ही काढा, मी न्हाय हात लावायची. आणि त्यांची परतीची लाँच लागायच्या आत निघा. आले की सांगेन मी त्यांना, आल्या होत्या, घेऊन गेल्या. न्हाय, मी धरणार न्हाय. काढा.