हिरालालभाऊंच्या कोंबड्या

तुम्ही म्हणता ना, माझं काम म्हणजे एसीत बसून बटणं दाबायची? मग हे ऐका. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्या हिरालालभाऊंची मुलाखत टीव्हीसाठी माझ्याकडे आवाजाच्या मिक्सिंगला आली. बोलणारा एक आणि मागे चार हजार कोंबड्या. चॅनलच्या मॅडम म्हणाल्या, "फक्त माणूस ऐकू आला पाहिजे." दोन दिवस नॉइज रिडक्शनचं सॉफ्टवेअर चालवून मी एकूण एक कोंबडी काढली. प्रोमो टीव्हीवर लागला आणि तासाभरात हिरालालभाऊंचा फोन.

"भाऊ, मन्ह्या कोंबड्या मारी टाक्यात का?"

"आवाज साफ केला, भाऊ."

"शेड गप म्हंजे रोग! तुन्हं परोमो देखीसन दोन येपारीसनी गाडी धाडाले नही म्हनी दिधं."

एपिसोड दुसऱ्या दिवशी लागणार होता. मॅडम आणि भाऊ दोघंही खूश राहावीत म्हणून मी सॉफ्टवेअर निम्म्यावर आणलं. भाऊ स्वतः स्टुडिओत आले. रोज पहाटे शेडच्या दाराशी उभं राहून नुसत्या कानाने रोग ओळखणारा माणूस. हेडफोन लावला, डोळे मिटले.

"जित्या शेतस," ते म्हणाले. मी सुटलो म्हणून पाणी प्यायलो.

"पन सर्दी व्हयेल शे. घशात घरघर करी ऱ्हायन्यात."

आता ती घरघर सॉफ्टवेअरची होती. अर्धवट काढलेला आवाज असाच बुडबुडतो. पण हे समजावून सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती. सॉफ्टवेअर बंद केलं, सगळ्या कोंबड्या परत सोडल्या आणि चॅनलला फोन लावला.

"मॅडम, माणूस थोडा कमी ऐकू येईल. पण कोंबड्या ठणठणीत आहेत."